पाठीवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण लहानपणापासून आमच्या कानांवरून गेलेली आहे. परंतु सत्तरीच्या घरांत ती आपणांसच लागू पडेल, असें स्वप्नांतहि कधीं वाटलें नव्हतें. गेल्या माघांत आम्ही उभयतां सांगलीहून निघून सातारा जिल्ह्यांत बारा दिवस हिंडून आलों. या बारा दिवसांत आम्ही एकाहि धर्मशाळेची पायरी चढलों नाहीं, कीं कोणा आप्ताच्या माजघरांत पथारी टाकली नाहीं. रांधणें, निजणें, वाचणें आणि भांडणें हें सर्व एका मोटारींतच पार पडलें. अशा गाडीस हल्लीं कॅरॅव्हॅन म्हणतात, आणि या प्रकारच्या प्रवासासाठीं महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं स्वतंत्र धोरणहि ठरविलें आहे. तेव्हां हा केवळ आमच्याच डोक्यांतला चक्रमपणा नव्हे, एवढें वाचकांनीं कृपा करून ध्यानांत घ्यावें.

या खटाटोपाचें मूळ कृष्णामाईच्या पाण्यांत आहे. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीस जो महापूर आला, त्या वेळीं आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांच्या वर चढलें होतें. धोक्याची पातळी तेथें ४५ फुटांची. आमचें घर गांवभागांत. आम्ही विश्रामबागेंत एका स्नेह्यांच्या घरीं नऊ दिवस काढले, आणि परत आलों तों भिंतीवर पाण्यानें आंखलेली रेघ आणि खालीं चिखलांत भिजून एकजीव झालेले ग्रंथ. २०२१ च्या जुलैंत पुन्हां तीच धांवपळ. पुण्याचे चिरंजीव तेव्हांपासून म्हणत आहेत, “बाबा, आतां तें घर विका आणि आमच्याकडे या.” बोलावणें मनापासूनचें होतें, परंतु उतारवयांत कोणाचें मिंधें होऊन राहावयाचें नाहीं, मग तो पोटचा मुलगा कां असेना, अशी आमची अढी. म्हणून आम्हीं एक जुनी प्रवासी गाडी विकत घेतली, आणि मिरजेच्या एका सुताराकडून तींत दोन बाकें, एक फडताळ, एका शेगडीचा ओटा आणि साठ लिटरांची पाण्याची टाकी बसवून घेतली. पूर आला तर घरच घेऊन चालते होऊं! चिरंजीवांनीं फोनवर एवढेंच विचारलें, “आणि घरच बंद पडलें तर?” या प्रश्नास आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. लेखकानें स्वतःस ‘आम्ही’ म्हणावें, ही आमच्या शालेय जीवनापासूनची संवय. आमच्या सौभाग्यवती आमचे लेख छापण्यापूर्वीं वाचतात, आणि या शब्दावर त्यांचा जुना आक्षेप आहे. “आम्हीं गाडी घेतली, आम्हीं बेत ठरविला, यांत तुम्ही किती आणि मी किती?” असें त्यांनीं एकदां विचारलें होतें. त्यावर आम्ही हंसलों, आणि व्याकरणांतलें आदरार्थी बहुवचन त्यांना समजावून सांगितलें. त्यांना तें आमच्याहून अधिक ठाऊक होतें, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

प्रवासाचें वर्णन येथें विस्तारानें करीत नाहीं. वाईचा ढोल्या गणपति, मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा आणि तेथील घाटावरची वसईच्या मोहिमेंतून आलेली घंटा, सज्जनगडावरची समर्थांची समाधि, औंधाचें पंतप्रतिनिधींनीं उभें केलेलें चित्रसंग्रहालय, यांवर पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्हांस जें नवीन वाटलें तें निराळेंच. एखाद्या देवळाच्या आवारांत पुजाऱ्यांची परवानगी घेऊन गाडी उभी करावी, पहांटे दार सरकवितांच समोर नदी दिसावी, आणि चहा होईपर्यंत धुकें विरावें, हें सुख कोणत्याहि पाहुणचारांत नाहीं. सौ. म्हणाल्या, “चाळीस वर्षांत प्रथमच चार भांड्यांत संसार झाला. आणि कोणी आलें तर काय करूं, ही चिंता नाहीं.” या वाक्यांतल्या थकव्याचा पुरता अर्थ आम्हांस त्या वेळीं कळला नाहीं; आम्ही आपले स्वातंत्र्याच्या तोऱ्यांत होतों.

परतीचा दिवस उजाडला. साताऱ्याहून निघून दुपारीं कऱ्हाडला आलों. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर घटकाभर बसलों. तेथून हमरस्त्यानेंच पुढें गेलों असतों तर दिवेलागणीपूर्वीं घरीं पोंचलों असतों. परंतु औदुंबराच्या दत्ताचें दर्शन घेऊन जावें, अशी सौ.ची इच्छा होती. म्हणून ताकारी-पलूसचा रस्ता धरला. रात्रीं घरींच निजावयाचें, या भरंवशावर पाण्याची टाकी सकाळींच रिकामी केली होती. दोहों बाजूंस ऊस उभा होता, आणि उसानें लादलेल्या बैलगाड्या कारखान्याकडे ओळीनें चालल्या होत्या.

ताकारी मागें पडल्यावर सौ. म्हणाल्या, “अहो, कसला तरी गोड वास येतोय.”

“गुऱ्हाळ असेल,” आम्ही म्हणालों. उसाच्या मुलखांत याहून सयुक्तिक उत्तर तें कोणतें?

थोड्या वेळानें त्या पुन्हां म्हणाल्या, “गुऱ्हाळाचा वास मला कळतो. हा तसा नव्हे. जरा थांबून बघा ना.”

“थांबलों तर आरती चुकेल,” असें म्हणून आम्हीं गाडी किंचित् जोरानेंच हांकली. यानंतर त्या कांहीं बोलल्या नाहींत. समोरच्या फळीवर उष्णता दाखविणारा एक कांटा असतो. त्याकडे पाहण्याचेंहि आम्हांस सुचलें नाहीं. दहा मिनिटांनीं पुढून फुसफुस आवाज आला, कांचेसमोर पांढरी वाफ उसळली, आणि गाडी कशीबशी एका बाभळीखालीं जाऊन उभी राहिली. सूर्य मावळत होता.

यंत्र थंड ठेवण्यासाठीं त्याच्याभोंवतीं पाणी खेळवितात, आणि त्यांत ग्लायकॉल नांवाचें एक द्रव्य मिसळलेलें असतें. तें गळून तापल्या लोखंडावर पडलें म्हणजे गोडसर वास येतो, हें ज्ञान आम्हांस मागाहून झालें. त्या वेळीं एवढेंच दिसत होतें कीं, आमचें घर आतां घर राहिलेलें नाहीं. तासभर गाड्या शेजारून भरधांव निघून गेल्या. चिरंजीवांस फोन करावा असें तीन वेळां मनांत आलें, आणि तीनहि वेळां आम्हीं फोन खिशांत परत ठेवला. सौ.नीं डब्यांतले दोन लाडू काढून त्यांतला एक आमच्या हातावर ठेवला. दोषाचा एक शब्द त्यांनीं उच्चारला नाहीं. उच्चारला असता तर आम्हांस अधिक बरें वाटलें असतें.

समोरचें शेत तोडून मोकळें झालें होतें, आणि त्याच्या टोंकाशीं ऊसतोड मजुरांच्या पांचसहा कोप्या होत्या. तिकडून एक तिशीची बाई हातांत विजेरी घेऊन आली. “आजी, गाडी बंद पडली का? अंधारात नका उभं राहू हितं. चला, चुलीपाशी बसा.” तिच्या मागून तिचा नवरा आला. आम्ही वाफेच्या दिशेनें हात नेत होतों, तों तो म्हणाला, “काका, ते झाकण उघडू नका, तोंड भाजंल.” त्यानें पलूसकडच्या एका मिस्त्रीला फोन लावून दिला.

हीं माणसें बीडकडचीं. दिवाळीनंतर बैलगाडींत संसार घालून निघावें, कारखान्याची धुराडीं पेटलेलीं असेपर्यंत या गांवचा ऊस तोडून त्या गांवीं जावें, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परतावें, असें त्यांचें वर्ष. चुलीपाशीं बसलों तेव्हां आम्हांस एक नवा हिशेब कळला. ऊसतोडींत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. एकटा मनुष्य म्हणजे अर्धा कोयता. हंगामापूर्वीं मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम मिळते, तिला उचल म्हणतात, आणि ती कोयत्यामागें ठरते. दोघांतलें एक जरी आजारी पडलें, तरी उचल डोक्यावर तशीच राहते.

सौ.नीं विचारलें, “आणि ही उचल मांडतात कोणाच्या नांवावर?”

“ह्यांच्या,” ती म्हणाली. “कोयता दोघांचा, नाव ह्यांचं.” तिच्या स्वरांत तक्रार नव्हती, ऊन पडलें, पाऊस आला, असें सांगावें तसें तिनें सांगितलें. सौ.नीं आमच्याकडे एकदांच पाहिलें. आमचें बहुवचनाचें व्याकरण त्या चुलीच्या उजेडांत पुरतें उघडें पडलें.

तिनें कोरा चहा दिला. आमच्या आजीनें त्या चुलीवरचें पाणीसुद्धां घेतलें नसतें; तिच्या काळीं तो धर्म समजला जाई. आम्हीं तो चहा घेतला, आणि आजीविषयींच्या सर्व आदरासह लिहितों कीं, त्या रात्रीं त्याहून पवित्र कांहीं आमच्या पोटांत गेलें नाहीं. आम्ही बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालों होतों तें हौसेनें, आणि या मंडळींचें तें पोटासाठीं. हें आठवून घोट जड मात्र झाला.

मिस्त्री नऊच्या सुमारास मोटारसायकलीवरून आला. पंचविशीचा मुलगा, शेतावरचे पंप आणि इंजिनें दुरुस्त करणें हा त्याचा धंदा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं जेथील माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला, तें किर्लोस्करवाडी येथून जवळच. या टापूंतल्या मुलांच्या बोटांत यंत्रविद्या असावी, याचें आम्हांस नवल वाटलें नाहीं. त्यानें विजेरी तोंडांत धरून आंत पाहिलें आणि म्हणाला, “नळी फुटलीया, काका, कडीपाशी. मघाच गळत असणार. गोडसर वास आला न्हाई व्हय?”

आमची मान खालीं गेली. खरें उत्तर एकच होतें, आणि तें देण्याचा अधिकार ज्यांचा, त्या शेजारींच उभ्या होत्या.

“आला होता आम्हांला,” सौ. म्हणाल्या. “पण आम्हांला वाटलं, गुऱ्हाळ असेल.”

चाळीस वर्षें आम्हीं ‘आम्ही’ हा शब्द वापरला तो यशाच्या वांटणींत. त्यांनीं तो आयुष्यांत बहुधा प्रथमच आमच्यासमोर वापरला, आणि तो आमच्या अपराधाचें अर्धें ओझें आपल्या डोक्यावर घेण्यासाठीं. वास्तविक त्या अपराधांत त्यांचा गुंजभरहि वांटा नव्हता.

मिस्त्रीनें फुटलेलें टोंक कापून नळी पुन्हां बसविली आणि कडी आंवळली. आतां पाणी हवें होतें, आणि आमची टाकी तर कोरडी. ती बाई न सांगतां गेली आणि आपल्या पिंपांतून दोन घागरी भरून घेऊन आली. शेतीची वीज त्या आठवड्यांत रात्रींची होती. वीज येऊन दूरच्या विहिरीवरचा पंप सुरू होईल, तेव्हां तिला तें पाणी पुन्हां डोक्यावरून आणावयाचें होतें. यंत्र निवल्यावर तें पाणी त्यांत ओतलें. मिस्त्रीनें तीनशें रुपये घेतले आणि कांट्यावर नजर ठेवून सावकाश जाण्याची ताकीद दिली. त्या जोडप्यानें मात्र पैशास हात लावला नाहीं. शेवटीं सौ.नीं गाडींतला वीस लिटरांचा झांकणाचा डबा तिच्यापुढें ठेवला. “पाण्याला होईल,” एवढेंच म्हणाल्या. तो तिनें घेतला.

औदुंबराची आरती चुकली होती. तासगांव, माधवनगर करीत आम्ही मध्यरात्रीं सांगलींत शिरलों. वाटेंतच आम्हीं चिरंजीवांस फोन करून झालेलें सर्व सांगितलें; वासाची गोष्टहि सांगितली. ते रागावतील असें वाटलें होतें. ते क्षणभर गप्प राहिले, आणि मग म्हणाले, “बाबा, निदान असं काही झालं तर लगेच सांगत जा.” कोणाचें मिंधें व्हावयाचें नाहीं, या हट्टानें आम्हीं त्या मुलाकडून किती वर्षें हा साधा हक्क हिरावून घेतला होता, हें त्या रात्रीं उमगलें. परक्या माणसांकडून पाणी घेतांना आम्हांस कमीपणा वाटला नाहीं. मग पोटच्या मुलाकडून घेतांनाच तो कां वाटावा?

घर विकलें नाहीं, विकणारहि नाहीं. परंतु पुराचे दोन महिने पुण्यास राहावयाचें ठरलें आहे. गाडीहि ठेवली आहे. पंचावन्नीनंतर मोटार हांकण्याचा परवाना पांच पांच वर्षांपुरताच मिळतो. आमची मुदत पुढील वर्षीं सरते, आणि नूतनीकरण करावें कीं नाहीं हें सौ. ठरवितील. तोंपर्यंत अंधार पडल्यावर गाडी चालवावयाची नाहीं, आणि त्या थांबा म्हणाल्या कीं कारण न विचारतां थांबावयाचें, असे दोन नियम झाले आहेत.

हा लेख नेहमींप्रमाणें त्यांनीं वाचला. आक्षेप एकच निघाला. “घागरी दोन नव्हत्या, तीन होत्या. तिसरी घेऊन ती आली, तेव्हां तुम्ही मिस्त्रीशीं बोलत होतां.” वरील मजकूर आम्हीं मुद्दाम तसाच ठेवला आहे. वाचकांनीं तेवढी एक घागर आपल्या हातानें वाढवून घ्यावी.