हातात न येणारी रेघ

सोसायटीची नोटीस ही आमच्या घरात फार गंभीर बाब आहे. अण्णा सेक्रेटरी झाल्यापासून पाण्याची टाकी धुण्याची नोटीससुद्धा सरकारी फर्मान असल्यासारखी निघते. आणि ती ते स्वतः वर्डमध्ये टाइप करतात, बरं का. वय ७४.

तर झालं असं, की एका रात्री त्यांनी हाक मारली. "अरे, ही रेघ बघ ना जरा. जातच नाहीये."

मजकूर संपला की खाली मध्यभागी एक आखूड रेघ हवीच, ही त्यांची जुनी सवय. उभा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेला माणूस. म्हणून त्यांनी तीन हायफन टाइप केले आणि एंटर मारला. झालं! हायफन गायब आणि पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सणसणीत रेघ. ती सिलेक्ट होत नाही, डिलीट होत नाही, वरच्या ओळीच्या शेवटी जाऊन एंटर मारावा तर तीच एक ओळ खाली सरकते.

"नवीन फाईल घ्या ना अण्णा, दहा ओळी तर आहेत," मी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणालो.

आठवड्याने काही कामासाठी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसलो, तर फोल्डरमध्ये नोटीस १, नोटीस २, नोटीस ३... थेट नोटीस ७. सगळ्यांत टाकी धुण्याचा तोच मजकूर, पहिल्यापासून टाइप केलेला. आणि सगळ्यांच्या तळाशी तीच लांबलचक रेघ. मी सांगितलं होतं ना, नवीन फाईल घ्या म्हणून. त्यांनी घेतली. सात वेळा. पुन्हा मला हाक मात्र मारली नाही.

खरं सांगू? त्या रात्री ती रेघ मलाही घालवता आली नसती. पण "मला येत नाही" म्हणण्यापेक्षा वैतागणं सोपं असतं.

मग बसलो शोधत. उपाय निघाला तो इतका छोटा, की माझीच मला लाज वाटली. कर्सर रेघेच्या लगेच वरच्या परिच्छेदात ठेवायचा आणि कंट्रोल व क्यू एकदम दाबायचं. रेघ गेली!

अण्णांना दाखवलं. ते खूश झाले, पण कंपोझिटरचं समाधान एवढ्यावर होतंय थोडंच? "पण मग ती हातात का येत नव्हती? आमच्याकडे रेघ म्हणजे पितळेची पट्टी. चिमट्याने उचलली की संपलं."

मी कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबून पानावरच्या लपलेल्या खुणा दाखवल्या. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी उलट्या पीसारखी एक खूण असते. परिच्छेद डावीकडे की मध्यभागी, समास किती, खाली चौकटीची कड आहे की नाही, हे सगळं तिच्यात साठवलेलं असतं. आपली रेघ म्हणजे ती कड. वेगळं अक्षर नव्हेच, मग पुसणार काय? कंट्रोल-क्यू हे वरून केलेले सोपस्कार काढून परिच्छेद मूळ साच्यात आणतं. म्हणून मध्यभागी घेतलेली ओळही डावीकडे पळते, तिला कंट्रोल-ई दाबून परत आणायची.

"म्हणजे रेघ ओळीच्या पोटात होती," अण्णा म्हणाले. इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

आणि गंमत म्हणजे त्यांना हवी होती ती आखूड रेघ त्याहूनही सोपी निघाली. तीन हायफन, एंटर, आणि रेघ उमटल्याबरोबर लगेच कंट्रोल-झेड. लांब रेघ जाते, तीन हायफन जिथल्या तिथे राहतात. त्यांनी हे सगळं एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलं.

हल्ली ते हाक मारताना आधी विचारतात, "वेळ आहे ना तुला?" हे 'आधी विचारणं' मीच त्यांना शिकवलंय. त्याला कुठलं बटण दाबायचं, ते अजून शोधतोय. तूर्त मोबाइल उलटा ठेवून उठतो, आणि येत नसेल तर येत नाही म्हणतो.

असो. नोटीस आठवी जिन्यात लागली आहे, मध्यभागी आखूड रेघेसकट. टाकी मात्र अजून धुवायचीच आहे.