आपोआप आणि उपयोगपूर्वक



आमच्याकडे सासऱ्यांचा पेंटॅक्स के-१००० आहे. १९७६ ते १९९७ असा एकवीस वर्षं हा कॅमेरा बनत होता. त्यात आपोआप काही होत नाही. शटरचा वेग वरच्या चकतीवर ठरवायचा, छिद्र लेन्सच्या कड्यावर, आणि डोळ्याला लावल्यावर दिसणारी सुई फक्त सांगते की उजेड कमी आहे की जास्त. ऐकायचं की नाही, ते आपण ठरवायचं.

वैशाखात नात्यातल्या एका मुलीची दीक्षा झाली. वेशपरिवर्तन करून ती मंडपात आली आणि सगळे मोबाइल वर झाले. रात्री ग्रुपवर फोटो आले, तर तिची कोरी पांढरी वस्त्रं राखाडी दिसत होती. तिची आई मला म्हणाली, "मामी, हे असं मळकं कसं आलं हो?"

कारण साधं आहे. समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं असेल, असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. चौकटभर पांढरं आलं की त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो गडद करतो. गर्द शालू असेल तर उलटं, तो फिका पडतो. यंत्राला उजेड मोजता येतो, दीक्षा कळत नाही. सुई १/२५० ला मध्यावर येत होती, मी शटर १/६० वर ठेवलं. आठवड्याने रोल धुऊन आला. वस्त्रं पांढरी होती. तोवर नव्या साध्वीजींचा विहार सुरू झाला होता. आईने तो फोटो हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

म्हणून ऑटो वाईट, असं मी म्हणणार नाही. नातू धावत सुटला की मीही मोबाइलच काढते. गॅसचा लायटरही एका दाबात पेटतो, पण म्हणून आधी पुंजणीने शेगडी पुंजणं आपण सोडत नाही. जिवाचं लक्षणच आपल्याकडे उपयोग, म्हणजे जाणीव, असं सांगितलं आहे. काम यंत्राने करावं, जाणीव मात्र आपली हवी. तीच जयणा.

आता चातुर्मास प्रवेश येईल. गुरुवार पेठेत गोडीजींच्या दर्शनाला जाल, उपाश्रयात जाल. तेव्हा दोन गोष्टी करा. दाराबाहेरच फ्लॅश 'ऑटो'वरून काढून बंद करा. अंधारलं की तो न विचारता चमकतो, आणि तेउकायाची विराधना आपल्या नावावर होते. साध्वीजींनी फोटोला होकार दिला, तर पडद्यावर पांढऱ्या वस्त्रावर बोट ठेवा आणि सूर्याची खूण थोडी वर सरकवा.

तेवढ्यासाठी जुना कॅमेरा लागत नाही.