नगरच्या ठिणगीची यात्रा

पुण्याहून निघालेला प्रवासी शिरूरजवळ घोडनदी ओलांडून नगरच्या मोकळ्या माळावर येतो, तेव्हा तेथे काय पाहायचे हे त्याच्या मनात ठरलेलेच असते. पंडित नेहरू १९४२ ते १९४५ या काळात जेथे स्थानबद्ध होते तो भुईकोट किल्ला, आणि लोक ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात ती सलाबतखानाची कबर. दोन्ही अवश्य पाहावीत. पण घरात मोटार असेल आणि तिच्या पोटात काय चालते याचे मुलांना कुतूहल असेल, तर याच गावात आणखी एक यात्रा घडते. ती ठिणगीच्या वेळेची!

पहिला मुक्काम रणगाडा संग्रहालयाचा. १९९४ साली उघडलेल्या या संग्रहालयात १९६५ च्या युद्धातला पाकिस्तानी पॅटन आहे, तशीच रोल्स-रॉईस 'सिल्व्हर घोस्ट' जातीची चिलखती मोटारही आहे. या जातीच्या मोटारीत चालकाच्या चाकावरच ठिणगीची वेळ बदलण्याचा दांडा असे. दांड्याची गरज काय? पंगत बसण्याआधी भात चुलीवर चढवावा लागतो, तसेच हे. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला सेकंदाचा पन्नासावा भाग मिळतो. पेट्रोल मात्र क्षणात पेटत नाही. म्हणून दट्ट्या वर पोहोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. उशीर झाला तर जोर वाया जाऊन उष्णता धुराड्यातून निघून जाते. फार घाई झाली तर खडखड सुरू होते, आणि ती चालूच राहिली तर दट्ट्याही जळतो. हँडल मारून गाडी सुरू करताना दांडा 'उशिरा'कडे घ्यायला चालक विसरला, तर उलटा झटका बसून त्याचे मनगट मोडायचे!

दुसरी आठवण लूनाची. १९७२ साली कायनेटिकने नगरच्या कारखान्यातून ही छोटी गाडी बाहेर काढली आणि मध्यमवर्गाला स्वतःचे वाहन मिळाले. तिच्या दोन-फटक्यांच्या इंजिनाला झडपाच नव्हत्या. हवा आत घेण्याची आणि धूर सोडण्याची भोके नळकांड्यातच कोरलेली, त्यामुळे त्यांची वेळ जन्मभर एकच. ठिणगीचीही एकदा बसवली की बसली. गल्लीतला मेकॅनिक पॉइंट घासून, कान देऊन ती जुळवी, आणि गाडी पुन्हा महिनोन्‌महिने धावे.

तिसरा मुक्काम वाहन संशोधन आणि विकास संस्थेचा. लष्करी संशोधनाची ही संस्था आपण बाहेरूनच पाहायची. नव्या वाहनांची परीक्षा घेणे हे तिच्या कामांपैकी एक. पण आजच्या मोटारीची परीक्षा लूनाइतकी सोपी राहिलेली नाही. होंडाने १९८९ साली 'व्हीटेक' आणले. आज आपल्याकडच्या कित्येक साध्या पेट्रोल गाड्यांतही झडपांची वेळ चालता चालता बदलते. आणि झडपांनी वेळ बदलली की ठिणगीलाही बदलावी लागते.

यातली गंमत पाहा. हवा आत घेणारी झडप नेहमीपेक्षा लवकर उघडली आणि लवकर मिटली, असे समजा. गाडी सपाट रस्त्यावर हलकेच चालली असेल, तर जळका धूर थोडा आतच राहतो, ज्योत मंद पसरते, म्हणून ठिणगी अधिक आधी हवी. पण तीच गाडी घाटात, कमी वेगात, पूर्ण जोराने चढत असेल, तर झडप लवकर मिटल्याने आत हवा जास्त कोंडली जाते, दाब वाढतो, खडखडीचे भय निर्माण होते. म्हणून ठिणगी उशिरा हवी! झडप तीच, बदलही तोच, तरी उत्तरे दोन. म्हणूनच इंजिन जुळवणारा जाणकार आधी झडपांची वेळ पक्की करतो, आणि मग प्रत्येक वेगाला व प्रत्येक भाराला ठिणगी नव्याने जुळवतो. झडपा बदलून ठिणगीचा जुना तक्ता तसाच ठेवणारा मनुष्य एकतर पेट्रोल उधळतो, नाहीतर इंजिन गमावतो.

आता हा हिशेब मोटारीतला संगणक करतो, आणि खडखड ऐकायला इंजिनाला चिकटवलेला एक इवलासा कान असतो. मेकॅनिकचा कान मात्र बिनकामाचा झाला, असे समजू नये. तक्ता चुकला आहे हे ग्राहकाच्या तक्रारीतून ओळखणारा अजून तोच! २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, आणि त्याच वर्षी लूना विजेवर चालू लागली. तिला झडपाही नाहीत आणि ठिणगीही नाही. तेव्हा मंडळी, ठिणगीची ही यात्रा करायची असेल, तर फार उशीर करू नका.