रेघ कुठे संपते

‘होल’ हा शब्द फार उशिरा येतो. ‘ए प्लस बी होल स्क्वेअर’ असं आपण वर्गात बिनधास्त म्हणतो, कारण फळ्यावर कंस दिसत असतो. ज्याला फळा दिसत नाही त्याने ‘ए’ ऐकला, ‘प्लस बी’ ऐकलं, कागदावर टोचलंसुद्धा, आणि मग ‘होल’ येऊन सांगतो की मागे जा, कंस घाल. ब्रेल पाटीवर मागे जाऊन कंस घालायला जागा उरलेली नसते. ‘अपॉन’चं तर याहून कठीण. ‘ए प्लस बी अपॉन सी’ म्हटलं की रेघ नुसत्या ‘बी’खाली, की दोघांखाली? आणि भौतिकशास्त्रातलं ‘हाफ एम व्ही स्क्वेअर’? वर्ग कुणाचा? डोळस मुलाला व्हीच्या डोक्यावरचा इवलासा दोन दिसतो. माझ्या एका विद्यार्थ्याने वस्तुमानाचाही वर्ग केला होता. मी ज्या पद्धतीने वाचलं होतं, त्याप्रमाणे त्याचं बरोबर होतं.

दृष्टिहीन मुलांना शिकवताना बावीस वर्षं मी या रेघेशी झुंजते आहे. आकृत्यांचं मला कधी भय वाटलं नाही. रबराची गादी, तिच्यावर उठावाची रेघ उमटणारी जर्मन फिल्म, आणि बॉलपेन दाबून ओढलं की किरण जिथे वाकतो तिथे बोटही वाकतं. भिंगाची आकृती समजलेली मुलं मी खूप पाहिली. प्रकाश न पाहिलेल्याला प्रकाशशास्त्र काय कळणार, असं विचारणाऱ्यांना मी निकोलस सॉन्डर्सनचं नाव सांगते. वर्षाचा असताना देवीने त्याची दृष्टी गेली. १७११ साली तो केंब्रिजला, ज्या पदावर न्यूटन होता त्याच पदावर, गणिताचा प्राध्यापक झाला आणि प्रकाशशास्त्रावर व्याख्यानं देत राहिला. आकृती बोटांत मावते. समीकरण तोंडाने सांगायचं म्हटलं की पंचाईत. छापील समीकरण वर-खालीही पसरतं, आवाजाला मात्र पुढे जाण्यावाचून दुसरी दिशा नाही.

मी त्यावर माझा एक उपाय शोधला होता. अंश वाचताना आवाज वर चढवायचा, रेघेपाशी श्वासभर थांबायचं, छेद खालच्या पट्टीत वाचायचा. वर्गमुळाखाली जे जे असेल ते एका श्वासात घ्यायचं, श्वास सुटला की मूळ संपलं. लहानपणी फणसवाडीत गाणं शिकले होते, ते इथे कामी आलं. मुलं म्हणायची, “बाई, तुम्ही वाचलं की समोर दिसतं.” ‘दिसतं’ हा शब्द ती वापरायची. त्या एका शब्दासाठी मी रविवारी माहेरी जाणंही सोडलं.

पुढे टी. व्ही. रामन यांच्याविषयी वाचलं. पुण्यात वाढलेला मुलगा, चौदाव्या वर्षी दृष्टी गेली, वाडिया महाविद्यालयात गणित घेऊन पदवीधर झाला, मग पवईच्या आयआयटीत शिकला. १९९४ साली कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी जो प्रबंध लिहिला तो गणिती मजकूर बोलून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीचा. तिचं नाव ‘ॲस्टर’. घातांक आला की तिचा आवाज वर चढतो. हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो मत्सर. ही युक्ती माझी आहे, गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत सापडलेली आहे, असं मी त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत होते. त्यांचं काम माझ्याआधीचं होतं, हे ठाऊक असूनही.

हौशी वाचकांवर माझा राग आहे, तो मी लपवणार नाही. चांगला आवाज असलेली माणसं पुस्तकं ध्वनिमुद्रित करून देतात, कथा-कादंबऱ्यांसाठी त्यांचे उपकार आहेतच. पण गणिताचं पुस्तक ती त्याच लयीत वाचतात, कंस गिळतात, आणि समीकरण लांब असेल तर ‘आकृती पाहा’ म्हणून पुढे जातात. संगणकाचा स्क्रीन रीडरही, समीकरण चित्र म्हणून घातलेलं असेल तर, गप्प बसतो. अशाने मुलं विज्ञान सोडतात, आणि त्यांनी सोडावं असंच सगळ्यांना वाटत असतं. दादरची मुलींची अंधशाळा १९०० साली निघाली, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ साली. वरळीत राष्ट्रीय अंधजन संघटना आहे, धोबीतलावाला झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. एवढं या चार-पाच मैलांत असताना ‘मला सायन्स घ्यायचंय’ म्हणणाऱ्या मुलीला नातेवाईक आजही समजावतात, “आर्ट्स घे, बँकेत लागशील.”

अशीच एक मुलगी लालबागहून माझ्याकडे येऊ लागली. बारावी सायन्स. जन्मापासून दृष्टी नाही. तिने पहिल्याच दिवशी मला विचारलं, “बाई, तुम्ही पंचवीस म्हणणार की वीस पाच?”

या प्रश्नावर २०१९ साली महाराष्ट्रभर भांडण झालं होतं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्यांचं नवं वाचन आलं आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं. मीही चाळीच्या गॅलरीत उभं राहून मराठी बुडाली म्हणाले होते. खरं तर टेलर फ्रेमवर खिळे बसवून आकडे मांडणाऱ्या मुलांकडे पाहून मला ते आधीच कळायला हवं होतं. ‘पंचवीस’ म्हटलं की कानाला पाच आधी ऐकू येतात, हाताला मात्र दोन आधी लावायचे असतात. या मुलीला दोन्ही चालत होतं. मी कुठल्या जातीची वाचक आहे, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

तिचा अभ्यास झपाट्याने होत होता. सीईटीच्या सरावाला मी प्रश्न आणि चार पर्याय वाचायची, ती उत्तर सांगायची. एकदा मी प्रश्न चुकून अर्धाच वाचला, पान चिकटलं होतं. पर्याय वाचून झाले तशी ती म्हणाली, “तिसरा.” उत्तर बरोबर होतं. प्रश्न पूर्ण न ऐकता कसं सांगितलंस, असं विचारलं तर ती गोंधळली. तिला वाटत होतं मला ठाऊक आहे.

“तुमचा आवाज बरोबर पर्यायावर टेकतो, बाई. आणि गणित वाचतानाही. कुठला तुकडा आधी घ्यायचा ते तुमच्या श्वासावरून कळतं. मग मला फारसं उरतच नाही.”

तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्या आवाजाचा मला अभिमान होता, तो समीकरण वाचतच नव्हता, अर्धं सोडवून देत होता. बावीस वर्षांत माझ्याकडून गेलेली मुलं एकेक करून आठवली. त्यांतली किती परीक्षेत अडली असतील? परीक्षेत वाचणारा लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो. त्या नियमावर मी कायम चिडत आले, नववीच्या पोराला बारावीचं समीकरण काय वाचता येणार म्हणून. त्याच्या आवाजात उत्तर नसतं, एवढी एक गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती.

मी सपाट वाचायचा प्रयत्न केला. जमेना. रेघ आली की गळा आपोआप उतरायचा.

मग गळाच बसला. स्वरयंत्रावर गाठी निघाल्या आणि डॉक्टरांनी सहा आठवडे एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं. वय ६७, आणि ऐन गणपतीचे दिवस. मुलगी शेजारच्या नववीतल्या मुलाला बरोबर घेऊन आली. तो वाचणार, ती सोडवणार, मी समोर बसणार.

खाली ढोलांचा सराव चाललेला. तो मुलगा एकेक अक्षर दळण दळल्यासारखं वाचत होता. तिने त्याला थांबवलं. “रेघ आली की ‘रेघ सुरू’ म्हण. वरचं संपलं की ‘खाली’. सगळं संपलं की ‘रेघ बंद’. मुळालाही तसंच.” ही नेमेथचीच रीत. जन्मांध गणिती अब्राहम नेमेथ, ज्यांची गणिताची ब्रेल लिपी १९५२ साली छापली गेली. त्यांच्या लिपीत अपूर्णांक उघडायला एक खूण असते आणि मिटायला दुसरी; डोळस वाचकांनाही ते अपूर्णांक उघडताना-मिटताना तसं बोलून सांगायला लावत. मी ही लिपी मुलांना शिकवली आहे. पण तोंडी ‘सुरू-बंद’ मला ओबडधोबड वाटायचं. गाणं शिकलेल्या गळ्याला ते कमीपणाचं वाटायचं, हे खरं कारण.

अपूर्णांकात अपूर्णांक असलेलं एक गणित होतं, छेदात वर्गमूळ. मी वाचलं असतं तर चार मिनिटांचं काम. मुलाने एक ‘रेघ बंद’ गाळलं. मला कळलं, बोलता येईना. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. तिने चुकीचं मांडलं, दोन पायऱ्या गेली, थांबली, कागद पाटीतून काढून उलटा केला आणि बोट पहिल्या ओळीवर नेलं. “इथे मिटलेलं नाही,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि मुलाकडून ती ओळ पुन्हा वाचून घेतली. नखाने टिंबं दाबून सपाट केली. चाळीस मिनिटं लागली. माझ्याकडे येऊ लागल्यापासून गणिताची चूक तिने स्वतः शोधून काढल्याचं मी प्रथमच पाहिलं. त्याआधी तिला चूक करायला मी जागाच दिली नव्हती.

आवाज आता परत आलाय, पूर्वीइतका नाही. वरची पट्टी लागत नाही. मुलगी अजून येते, वाचायला त्या मुलालाच बसवते. मला म्हणते, “बाई, तुम्ही फक्त त्याने काही गाळलं तर टेबलावर वाजवा.” मी वाजवते. खोटं कशाला सांगू, गणित वाचायला घेतलेल्या त्या मुलाचा मला अजून हेवा वाटतो.

परवा त्याला बरं नव्हतं, म्हणून तिने मला वाचायला सांगितलं. भिंगाचं सूत्र. रेघ सुरू, एक, खाली, व्ही, रेघ बंद. वजा. रेघ सुरू, एक, खाली... आणि ‘यू’वर माझा आवाज उतरला. तिने काही न बोलता हात वर केला.

मी पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं.