पायातला दगड

आज आमच्या संतपूरच्या घराबद्दल लिहितोय. संतपूर म्हणजे बिदर जिल्ह्यातलं, औराद तालुक्यातलं. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि आजोबांच्या पेटीतले निजामाच्या वेळचे कागद उर्दूत. आमच्याकडं हे असंच असतं.

जुन्या वाड्याच्या दारात, लिंबाखाली, कमरेएवढा काळा दगड उभा होता. त्यावर एकावर एक तीन कप्पे. खालच्यात ढाल-तलवार घेऊन लढणारा माणूस. मधल्यात त्याला वर घेऊन जाणाऱ्या दोघी अप्सरा. वरच्यात तोच माणूस महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. कप्प्यांच्या मधल्या पट्टीवर बारीक अक्षरं होती. आजोबांना मोडी यायची, उर्दू यायची, पण ही अक्षरं काही लागायची नाहीत. "जुनं कानडी असंल," एवढंच म्हणायचे.

आम्ही पोरं त्याच्यावर चढायचो. आजी ओरडायची, "उतर रे! पाय लावू नगंस. गावासाठी मेलाय तो." येळवसेला शेतात जाताना आंबिलाचा पहिला शिंतोडा ती त्याच दगडावर टाकायची. भज्जी-उंड्याचा निवद त्याला, मग आम्हाला. वीरगळ हा शब्द तिला ठाऊक नव्हता. अर्थ मात्र पुरता ठाऊक होता.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. किल्लारीचा भूकंप आमच्याकडंही जाणवला. वाड्याच्या दगड-मातीच्या भिंतीला उभी चीर गेली. त्यानंतर माळवदाखाली झोपायची कुणाची हिंमत होईना. पुढच्या वर्षी वाडा उतरवला आणि सिमेंटचं घर बांधायला काढलं.

पाया भरताना गवंड्यानं विचारलं, "मालक, ह्या दगडाचं काय करायचं?" दारात ट्रॅक्टर वळायला त्याची अडचण होत होती. मी तिशीतला, नोकरीवरून चार दिवसांच्या रजेवर आलेलो, घाईत. म्हणालो, "टाका पायात. मजबूत होईल."

आजी तिथंच उभी होती. काही बोलली नाही. पण त्या येळवसेला ती नव्या घराच्या ईशान्य कोपऱ्यापाशी वाकली आणि जोत्यावर आंबील शिंपडली. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

बऱ्याच वर्षांनी कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीला गेलो. भीमेकाठची चंद्रलांबा आमची कुलदेवी. तिथं कळलं की १९८६ मध्ये देवळाच्या आवारातल्या काळीच्या मंदिराचं छत कोसळलं, आणि मूर्तीखालच्या बैठकीचा दगड उघडा पडला. त्यावर ब्राह्मी लिपीतले अशोकाचे आदेश निघाले! मूर्ती बसवायला त्या दगडाला मधोमध चौकोनी भोक पाडलेलं, त्यामुळं काही अक्षरं कायमची गेली. त्यातल्या एका आदेशात दुसऱ्यांच्या पंथांचाही मान ठेवावा असं सांगितलंय. जवळच कनगनहळ्ळीच्या स्तूपात पुढं खुद्द अशोकाचं शिल्प मिळालं, वर त्याचं नाव कोरलेलं. त्या नावामुळंच तर शिल्पातला राजा कोण ते नक्की कळलं.

ते ऐकताना माझ्या पोटात कालवलं. आमच्या दगडावरही नाव असणार. कुणासाठी लढला, कुठल्या साली पडला, दगड कुणी उभा केला. वाचता आलं नाही म्हणून काय झालं? कागद ठेवून कोळशानं ठसा तरी घेता आला असता. एक फोटोसुद्धा नाही. ज्याला आजीनं जन्मभर सांभाळलं, त्याला मी एका वाक्यात गाडलं.

मन म्हणतं, पायात आहे म्हणजे सुरक्षित आहे, सन्नतीचा दगडही असाच टिकला. पण तो देऊळ पडलं म्हणून दिसला. आमचा दिसायचा तर घर पडायला हवं, आणि त्या घरात आज माझी नातवंडं खेळतात. ते पडू नये, हीच देवीपाशी प्रार्थना.

म्हणून यंदा एवढंच केलं. घराच्या कागदांच्या फायलीत एक पान लावलं : "ईशान्य कोपरा, पायात वीरगळ आहे. तीन कप्पे, पट्टीवर अक्षरं. कधी घर उतरवलं तर कुदळ जपून चालवा, आधी जाणकाराला दाखवा." खाली सही केली. आणि येळवसेला आंबील घेऊन त्या कोपऱ्याशी वाकलो.

तुमच्या गावी दारात, विहिरीवर, पारावर असा दगड असेल तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती त्याला काय म्हणतात.