अक्कलकुव्यात कप लागला!

पंपाचा दांडा दोनदा ओढला आणि माझ्या खांद्यामागचं कातडं त्या पारदर्शक कपात चक्क उभं राहिलं! आजवर या पाठीला तेल चोळून झालंय, वाळूची पुरचुंडी करून शेकून झालंय, मलमं थापून झालीयत. त्या सगळ्या उपचारांची दिशा एकच, वरून आत दाबायची. इथं पहिल्यांदा कुणी आतलं वर उचलत होतं. ‘‘ताई, श्वास सोडा, मान ढिली ठेवा,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा कळलं, मी श्वास धरून बसले होते. दुसरा कप, तिसरा, मग कण्याच्या दोन्ही बाजूंना ओळ. आधी ताण, मग ऊब, मग एक जडशी सुस्ती. दहा-पंधरा मिनिटांनी कप निघाले, मी मान उजवीकडे वळवली आणि ती वळली, थेट खांद्यापर्यंत!

तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलेय. आणि सांगायचंय ते फक्त मानेचं नाही.

अक्कलकुवा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं तालुक्याचं गाव, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचं. थोडं पुढं गेलं की गुजरात. नंदुरबारबाहेरच्या किती जणांना ठाऊक असेल की इथं युनानी वैद्यकाचं महाविद्यालय आहे? मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवींनी उभ्या केलेल्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम या संस्थेचं अहमद गरीब युनानी मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेलं अस-सलाम रुग्णालय. युनानीची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची, आणि त्यात ‘इलाज-बित-तदबीर’ हा अख्खा विषय: मालीश, वाफारा, जळू आणि हिजामा, म्हणजे हे कप लावणं. नुसता कप लावला तर हिजामत-बिला-शर्त, त्वचेवर बारीक फासण्या टाकून रक्त काढलं तर हिजामत-बिश-शर्त. मी गावातल्या एका लहानशा दवाखान्यात घेतला तो पहिला, कोरडा प्रकार. डॉक्टरबाई सांगत होत्या की चांद्र महिन्याच्या १७, १९ आणि २१ तारखांना गर्दी असते, कारण हदीसमध्ये हिजाम्यासाठी या तारखा सांगितल्या आहेत.

घरी आले आणि वाचत सुटले. हकीम इब्न सीनाच्या ‘अल-कानून’ या वैद्यकग्रंथात हिजामा आहे, हे अपेक्षितच होतं. पण सुश्रुत! सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, तेराव्या अध्यायात, रक्त काढायची तीन साधनं शेजारी शेजारी ठेवलीयत: गाईचं शिंग, जळू आणि अलाबू, म्हणजे आपला कडू भोपळा. वातासाठी शिंग, पित्तासाठी जळू, कफासाठी भोपळा. शिंगाला पातळ कापड बांधून तोंडानं ओढायचं, आणि भोपळ्यात? पेटता दिवा ठेवायचा! आतली हवा तापते, दिवा विझतो, हवा निवते आणि भोपळा कातडीला घट्ट धरतो. आज काचेच्या पेल्यात जाळ फिरवून करतात तो हाच प्रयोग. वाचताना मी उठून उभी राहिले. पुढच्या काळातल्या वैद्य शार्ङ्गधरानं तर मापंही दिलीयत: शिंग दहा अंगुळांपर्यंतचं रक्त ओढतं, तुंबी बारा, जळू हातभर.

आणि हे सारं पोथीतच राहिलं असंही नाही. आपल्याकडचे वैदू झोळीत जडीबुटीबरोबर तुंबडी घेऊन गावोगाव फिरत. तुंबडी लावून घेतलेल्या आज्या-पणज्या महाराष्ट्रात घरोघरी होऊन गेल्या. मग २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या तलावात जलतरणपटू मायकेल फेल्प्स उतरला, त्याच्या खांद्यावरचे जांभळे गोल टीव्हीवर दिसले आणि जगाला वाटलं, काहीतरी नवीन निघालंय!

तसेच गोल माझ्या पाठीवर उमटले. ‘आतलं विष वर आलं’ असं लोक म्हणतात, तसं ते नसतं. ओढीमुळं त्वचेखालच्या केशवाहिन्या फुटतात, रक्त तिथंच साकळतं आणि काही दिवसांत डाग फिका पडत जातो. मला हे खरं कारणच जास्त आवडलं. मानेच्या आणि कमरेच्या दुखण्यात कपिंगनं आराम पडल्याचे अभ्यास आहेत, पण पुरावा अजून पक्का नाही. गोळीच्या चाचणीत तुलनेसाठी साखरेची गोळी देता येते. पाठीवर खोटा कप लावला तर रुग्णाला लगेच कळतं. म्हणून मोठे दावे मी करणार नाही. रक्तदाब, मधुमेह, वंध्यत्व, सगळ्यावर हिजामा, असं कुणी सांगू लागलं तर तिथून उठावं. पण मिरची तोडून, उसाच्या मोळ्या वाहून आखडलेल्या पाठी या जिल्ह्यात थोड्या आहेत का? त्यांच्यासाठी कोरडा कप ही स्वस्त, साधी, गोळीविना होणारी गोष्ट आहे आणि ती जाणत्या हातांनी मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

जाणत्या हातांनी यावर माझा जोर आहे, कारण हा नंदुरबार आहे. भिल्ल, पावरा, मावची वस्त्यांमध्ये सिकलसेल आहे, अ‍ॅनिमिया आहे. जिथं अंगात मुळात रक्त कमी, तिथं फासण्या टाकून ते काढायचं? माझ्या डॉक्टरबाईंनी हात लावायच्या आधी विचारलं: हिमोग्लोबिन किती, सिकलसेलची तपासणी झालीय का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दिवस गेलेत का. ओल्या हिजाम्याला दर रुग्णामागं नवं पातं, नवे हातमोजे, नवे कप. हे प्रश्न न विचारता पातं उचलणाऱ्यापुढं पाठ उघडी करू नये. धडगाव-मोलगीकडून येणाऱ्या बाईला तर हे आवर्जून सांगायला हवं.

आता माझं लक्ष लागलंय ते जळवांकडे. सुश्रुतानं त्यांचे बारा प्रकार सांगितलेत, सहा विषारी आणि सहा बिनविषारी. कुठल्या तळ्यातल्या घ्याव्यात, कशा पाळाव्यात, पोट भरलं की त्यांना ओकायला कसं लावावं, सगळं तपशीलवार! युनानीतही जळू आहेच, तिथं जळू लावण्याला ‘तालीक’ म्हणतात. डॉक्टरबाईंना मी विचारून ठेवलंय. ‘‘या की,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण आधी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आणा.’’