दलाली : बार्शीच्या बाजारातील आणि मोबाइलमधील

यंदाचे दशलक्षण पर्व आटोपल्यावर महिला मंडळाच्या बैठकीत तीन-चार मुलींनी मला गाठले. "काकू, ते लिंकवर कमिशन मिळण्याचे काम आम्हालाही शिकवा," असा त्यांचा आग्रह होता. मी त्यांना बरेच काही सांगितले. पण जे सर्वांत आधी सांगावयास हवे होते, ते मात्र जिभेवर येऊन मागे फिरले. ज्यांच्या घरी ती गोष्ट घडली, त्या आमच्या नात्यातील काकू समोरच बसल्या होत्या. नंतर त्यांना विचारले. "लिही की, त्यात लपवायचं काय?" असे त्या म्हणाल्या, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

या व्यवसायाला ॲफिलिएट मार्केटिंग असे भारदस्त नाव असले तरी हा व्यवहार आपल्या घरांना नवा नाही. माल एकाचा, गरज दुसऱ्याची आणि मध्ये आपला शब्द. सौदा झाला तर विकणाऱ्याकडून ठरलेला टक्का आपल्याला. ॲमेझॉनने 1996 साली अमेरिकेत पुस्तकांच्या विक्रीसाठी ही पद्धत सुरू केली आणि पुढे ती जगभर पसरली. आपल्या लिंकमध्ये आपला संकेतक्रमांक गुंफलेला असतो. पाहणाऱ्याने तिच्यावर बोट ठेवले की नोंद होते आणि ठरलेल्या मुदतीत त्याने खरेदी केली तर कमिशन आपल्या नावे लिहिले जाते. ग्राहकाला यासाठी वेगळा पैसा मोजावा लागत नाही. आमच्या येडशीपासून जवळच असलेल्या तेरहून, म्हणजे प्राचीन तगरहून, कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे, असे पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात नमूद आहे. त्या गाड्यांमागेही कोणीतरी दलाल असेलच.

माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, बार्शीच्या बाजारात धान्याची दलाली करीत. लातूर-कुर्डुवाडी मार्गावर तेव्हा छोटी रेल्वे धावत असे. सकाळच्या गाडीने जायचे आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाचा डबा उघडता येईल अशा बेताने परतायचे, असा त्यांचा क्रम होता. ते गेल्यावर सासूबाई घरी काळजी करीत, ती गाडीची नसे, सौद्याची असे. कारण दादा ज्या मालाबद्दल बोलत, त्या मालाचे पुढे जे होईल ते स्वतःचे मानीत. एका वर्षी त्यांनी तुरीच्या ढिगातील वरच्याच पोत्यांत लोखंडी नळी खुपसून नमुना काढला. खालची पोती ओलावलेली निघाली. खरेदीदार लातूरचा होता. दादा स्वतः लातूरला गेले आणि भावातील फरक पदरचा देऊन आले. त्या वर्षी दिवाळीला घरात नवे कापड आले नाही, हे सासूबाई अनेकदा सांगत. तक्रारीने सांगत की अभिमानाने, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही.

मी या कामाला लागले ते 2021 साली. टाळेबंदीने आमचे किराणा दुकान मंदावले होते. श्रावणात रामलिंगला जाणारी गर्दी दुकानावरून जाते, तीही त्या वर्षी फारशी नव्हती. मुलाने मोबाइलवर कंदमूळविरहित पाककृतींचा यूट्यूब चॅनल सुरू करून दिला आणि खाली वस्तूंच्या लिंक देण्यास शिकवले. पहिले सहा महिने हाती काहीच आले नाही. त्यातच एका कंपनीचा नियम असा निघाला की, 180 दिवसांत किमान तीन खरेद्या झाल्या नाहीत तर खाते बंद होते. माझे झाले. त्या काळात मी मिक्सरपासून मोबाइलच्या कव्हरपर्यंत दिसेल त्याची लिंक देत असे. त्यातले मला काय कळत होते?

पहिले खरे यश मिळाले ते एका दुपदरी स्टीलच्या डब्यामुळे. मुलगी सोलापूरला शिकत होती आणि रात्रिभोजनत्यागामुळे तिला संध्याकाळचा डबा बसमध्ये किंवा वर्गातच उघडावा लागे. तीन प्रकारचे डबे आम्ही विकत घेऊन वापरले. त्यांतला एक गळका होता, तर एकाचे झाकण तिला एकटीला उघडेना. हे सारे मी जसेच्या तसे सांगितले आणि तिसऱ्या डब्याची लिंक दिली. अशीच अडचण असलेली घरे पुष्कळ होती, हे मला विक्रीवरून कळले. कोणता विषय निवडावा, असे मुली विचारतात. ज्या वस्तूवाचून आपले स्वतःचे अडले होते, तेथून आरंभ करावा, एवढेच मी सांगू शकते.

यशाने मात्र माणूस सैल होतो. दुसऱ्या वर्षी पर्वाच्या आधी एक तयार सूपची पावडर बाजारात आली होती आणि नावातच 'जैन' हा शब्द होता. कमिशनचा टक्का डब्याच्या दुप्पट होता. पुडा मागवून पाहण्यास आठवडा लागला असता आणि पर्व तोंडावर आले होते. विक्रेत्याच्या पानावर जे लिहिले होते तेच मी माझ्या शब्दांत, हसतमुखाने, कॅमेऱ्यासमोर सांगितले. "आपल्या घरात निश्चिंत मनाने चालेल," हे वाक्य तर माझेच होते. ते विक्रेत्यानेही लिहिले नव्हते.

काकूंनी तीस वर्षांपूर्वी कंदमुळांचा त्याग केला आहे. त्यांच्या पुण्यातील मुलाने माझा व्हिडिओ पाहून त्यांच्यासाठी चार पुडे पाठविले. पारण्यानंतर आणि एकाशनाच्या दिवशीही त्यांनी ते सूप घेतले. तिसरा पुडा संपत असताना नातवाने मागची बारीक अक्षरे वाचली. घटकांच्या यादीत बटाट्याचे पीठ दुसऱ्या क्रमांकावर होते. आपल्याकडील नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात; म्हणजे ते चिमूटभर नव्हते.

काकू माझ्यावर रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी फोनवर एवढेच म्हटले, "तू सांगितलंस म्हणून मी पुडा वाचला नाही गं." प्रायश्चित्त म्हणून त्यांनी उपवास केले. ते किती, हे मला आजवर सांगितलेले नाही.

त्या रात्री मी दादांजवळ जाऊन बसले. त्यांना ऐकू कमी येते, पण सर्व ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला, "माल पाहिला होतास का?" मी नाही म्हटले. "मग खरेदीदारांना कळव," ते म्हणाले. आता त्यांना काय सांगावे! या धंद्यात किती नग विकले गेले हे कळते, कमिशन किती हे पैशापर्यंत कळते. घेणाऱ्याचे नाव आणि गाव मात्र कधीही कळत नाही. माझ्या हिशेबात त्या पावडरीचे 38 पुडे होते. त्यांतले चार कोठे गेले, हे मला ठाऊक होते. उरलेले 34 कोणाच्या स्वयंपाकघरात होते, त्यांतल्या किती घरी नेमधर्म होता, हे आजही ठाऊक नाही. दादांना लातूरला जाण्यासाठी गाडी तरी होती. मी व्हिडिओ काढून टाकला, चूक सांगणारा दुसरा टाकला, तो पहिल्याच्या मानाने फारच थोड्यांनी पाहिला. आलेले कमिशन कुंथलगिरीला दानपेटीत टाकले. त्याने मन हलके झाले असे मात्र म्हणता येत नाही.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत पहिले नाव मिथ्योपदेशाचे येते. लहानपणी पाठशाळेत ते पाठ करताना मला वाटे, हा दोष पंडितांना लागत असावा. आपण कोणाला उपदेश करणार?

आता कामाचे बोलते. शिफारस करावयाची वस्तू प्रथम स्वतःच्या पैशाने घ्यावी, आणि स्वतःच्या लिंकवरून घेऊ नये, कारण त्यावर कमिशन मिळत नाही व बहुतेक कंपन्यांना ते मान्यही नसते. खाद्यपदार्थ असेल तर पुड्याची मागची बाजू छायाचित्रात नव्हे, हातात धरून वाचावी. कधी नुसते 'स्टार्च' लिहिलेले असते, ते मक्याचे की बटाट्याचे हे विचारावे लागते. 'मसाले' या एका शब्दात काय काय सामावले आहे तेही विचारावे. उत्तर आले नाही तर ती वस्तू सोडून द्यावी.

आपल्याला मोबदला मिळतो हे आरंभीच सांगावे. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत होती. शेतकरी शेजारी उभा असे आणि त्याला आपल्याच मालाचा भाव कळत नसे. कायद्याने ती बंद होऊन उघड लिलाव आले. न सांगता दिलेली कमिशनची लिंक मला त्या रुमालासारखी वाटते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. मोबदल्याचा उल्लेख ठळक असावा, ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत असावा, व्हिडिओ असेल तर केवळ खालच्या मजकुरात नव्हे, व्हिडिओतच असावा, आणि शिफारस करणाऱ्याने वस्तू प्रत्यक्ष वापरलेली असावी, असे त्यांत म्हटले आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या शिफारशीस 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या सूचना मी आधी वाचल्या असत्या तर, असा विचार कितीदा तरी येतो.

पैशाच्या बाबतीत उतावीळ होऊ नये. वस्तू परत गेली तर कमिशनही परत जाते, आणि हाती रक्कम येण्यास दोन-दोन महिने लागतात. त्या भरवशावर हप्ता काढू नये. आधी शुल्क भरा, मग आणखी माणसे आणा, त्यांच्या शुल्कातला वाटा तुमचा, असे कोणी सांगत असेल तर ती साखळी योजना आहे आणि 2021 च्या थेट विक्री नियमांनी तिला मनाई आहे. आपल्या समाजात ओळखी दाट असल्याने असली माणसे आपल्याकडे लवकर पोहोचतात.

मी काम सोडलेले नाही. मिळकत पूर्वीपेक्षा कमी आहे, कारण दहा वस्तू मागवल्या तर दोनच सांगण्याजोग्या निघतात. दुकानामागच्या फळीवर अर्धवट फोडलेल्या पुड्यांची रांग आहे. दादा दुपारी तेथे खुर्ची टाकून बसतात आणि भिंगाने बारीक अक्षरे वाचतात; मराठी नसेल तर नातवाकडून मोठ्याने वाचून घेतात. काल खाकऱ्याचा एक नवा पुडा आला आहे. पर्वापूर्वी व्हिडिओ करशील का, असे विक्रेत्याने दोनदा विचारले. पुडा अजून दादांकडेच आहे.